पांढरी पाटी की पिवळी?

जयपूर शहराच्या नैर्ऋत्येस मानसरोवर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने ती वसविली. नावात सरोवर असले, तरी तेथे दृष्टीस पडतो तो माणसांचा आणि वाहनांचा ओघ. ३ जून २०१५ रोजी जयपूरची पहिली मेट्रो गाडी येथूनच चांदपोलकडे निघाली. तरीही संध्याकाळी शिप्रा पथावर किंवा मध्यम मार्गावर उभे राहिले, तर घरोघरच्या मोटारींची रांग संपता संपत नाही.

ह्या रांगेत अलीकडे एका नव्या धाटणीच्या गाडीची भर पडली आहे. तिचा पुढचा अर्धा भाग मोटारीसारखा: चार दारे, पाच आसने. मागचा अर्धा भाग टेम्पोसारखा: उघडा हौदा. लोक तिला पिकअप म्हणतात. अशा दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असाव्यात, आकार सारखा, रंगही सारखा. परंतु एकीची पाटी पांढरी आणि दुसरीची पिवळी! पाहणाऱ्याला हा भेद किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्या दोन पाट्यांमध्ये कर, तपासणी, पथकर आणि विमा ह्या सर्वांचे अंतर आहे. आणि प्रसंग आला, तर घरातील माणसांच्या सुरक्षिततेचेही.

एका घरातील विचारविनिमय

मानसरोवरात स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणू या. वडील नोकरीतून निवृत्त झालेले. थोरला मुलगा व सून दोघेही नोकरी करणारी. बगरूच्या वाटेवर शेताचा एक तुकडा घेतलेला, त्यात लिंबू आणि भाजीपाला. रविवारी सारे घर शेतावर जाते. येताना चाऱ्याची पेंढी, कधी रोपे, कधी जुनी खाट असे काहीतरी सोबत असतेच. अशा घराला पिकअप गाडी हवीशी वाटावी, ह्यात नवल नाही.

एक दिवस मुलाने बातमी आणली. एक जुनी, पाच आसनांची पिकअप स्वस्तात मिळत होती. पाटी मात्र पिवळी. दलाल म्हणाला होता, “पाटीचे काय, नंतर पांढरी करून घ्या!”

सुनेने नोंदणीपत्राची प्रत मागवून घेतली. तिच्यात वाहनाचा वर्ग स्पष्ट लिहिलेला होता: मालवाहू वाहन. ती सासऱ्यांना म्हणाली, “नाना, पाटी रंगवता येईल, पण हे अक्षर कसे रंगवायचे?”

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर कायद्यात शोधावे लागते.

कायद्याचे शब्द

आपल्या देशात वाहनांची नोंदणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार होते. त्याच्या दुसऱ्या कलमात व्याख्या दिलेल्या आहेत. केवळ मालाच्या वाहतुकीसाठीच बांधलेले किंवा तसे बदलून घेतलेले वाहन ते मालवाहू वाहन, असे तेथे म्हटले आहे. ह्यातील ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या गाडीत चालकाखेरीज चार माणसे रीतसर बसू शकतात, ती केवळ मालासाठीच बांधलेली आहे, असे म्हणणे कठीण. खाजगी पिकअपला मोटारीच्या वर्गात जागा मिळण्याचा आधार हाच.

परंतु व्याख्या तेथे थांबत नाही. मालासाठी न बांधलेले वाहनही मालाच्या वाहतुकीसाठी वापरले, तर तेही मालवाहू ठरते, असे तिचा उत्तरार्ध सांगतो. मग रविवारची पेंढी नेली की गाडी मालवाहू झाली काय? ह्या शंकेचे निरसन ‘माल’ ह्या शब्दाची व्याख्या करते. मोटारीतून नेलेले आपले सामानसुमान आणि प्रवाशांचे वैयक्तिक सामान तिने मालातून वगळले आहे. घरची खाट हे घरचे सामान होय. परंतु लिंबांच्या गोण्या बाजारात विकण्यासाठी नेणे किंवा शेजाऱ्याचे सामान भाडे घेऊन पोहोचविणे ही गोष्ट निराळी. तेथे गाडीचे स्वरूप पालटते, मग पाटी कोणत्याही रंगाची असो.

वाहनाचा वर्ग प्रथम सुचविला जातो तो निर्मात्याच्या कागदांत. नवा नमुना विक्रीस येण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून त्याची चाचणी व्हावी लागते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकीच एक. प्रवाशांसाठीची वाहने ‘एम’ ह्या अक्षराखाली आणि मालासाठीची ‘एन’ ह्या अक्षराखाली मोडतात. त्या मान्यतेच्या आधारे विक्रीचा दाखला तयार होतो आणि त्यावरून प्रादेशिक परिवहन कार्यालय नोंदणी करते. २०१६ साली आलेली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली आलेली टोयोटाची हायलक्स ह्या पिकअप गाड्या खाजगी मालकांना नजरेसमोर ठेवून बाजारात आणल्या गेल्या. उलट त्याच इसुझूची एस-कॅब ही व्यापारी कामासाठी विकली जाते. तेव्हा ‘दुसऱ्याला पांढरी पाटी मिळाली, मग मला का नाही?’ असे विचारण्यापूर्वी दोघांच्या गाडीचा नमुना एकच आहे काय, हे पाहावे.

पाटीच्या रंगामागचा हिशेब

डिझेल वा पेट्रोलवर चालणाऱ्या खाजगी वाहनाला पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे आणि परिवहन वाहनाला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे, असा नियम आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि त्याचा कर बहुधा एकदाच भरावा लागतो. परिवहन वाहनाला ह्याशिवाय योग्यता प्रमाणपत्र लागते. नव्या वाहनाला ते दोन वर्षांपुरते असते. पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी ते नवे करून घ्यावे लागते. प्रमाणपत्र नसेल, तर कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनाला परवान्यातून सूट आहे. पुष्कळ लोक ह्या सवलतीचा अर्थ योग्यता प्रमाणपत्रही नको, असा करतात. तो अर्थ चुकीचा आहे.

राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरातही हा भेद उमटतो. २००८ च्या नियमांत मोटार, जीप ह्यांसाठी मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे आणि हलक्या मालवाहू वाहनासाठी १ रुपया ५ पैसे असा धरला होता. पुढील वाढ ह्याच पायावर होत आली. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपये किमतीने सुरू झालेला वार्षिक पास एका वर्षासाठी किंवा २०० फेऱ्यांसाठी चालतो. परंतु तो केवळ खाजगी मोटार, जीप व व्हॅन ह्यांनाच मिळतो. शिवाय अनेक शहरांत मालवाहू वाहनांना गर्दीच्या वेळी काही रस्ते बंद असतात.

चालकाच्या अनुज्ञप्तीची अडचण मात्र बरीच दूर झाली आहे. ७,५०० किलोंपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या मोटार वाहनाच्या साध्या अनुज्ञप्तीवर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.

हौद्यात बसलेली माणसे

येथवरचा हिशेब पैशांचा झाला. ह्यापुढचा माणसांचा आहे.

लग्नकार्याला किंवा देवदर्शनाला निघालेल्या पिकअपच्या हौद्यात आजी, मुले, शेजारीपाजारी दाटीवाटीने बसलेले आपण सर्वांनीच पाहिले आहेत. अपघात झाला, तर विमा आहेच, असे मालकाला वाटत असते. परंतु मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी ह्यांना विम्याचे संरक्षण मिळाले. हौशी प्रवाशांना ते मिळाले नाही. मग भरपाईचा भार कोणावर? गाडीच्या मालकावर. ज्यांना प्रेमाने गाडीत घेतले, त्यांच्याच घरच्यांपुढे प्रतिवादी म्हणून उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. खाजगी मोटारीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वापर करणे आणि नमुने व वैयक्तिक सामान ह्यांखेरीज इतर माल नेणे ह्या गोष्टी विम्याच्या कक्षेबाहेर आहेत, असे तेथे म्हटलेले असते. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून रोज भाडे मारणारा मनुष्य कर वाचवितो खरा. पण विम्याचे छत्र आपल्याच हाताने मिटतो. आणि पाटी कोणतीही असली, तरी उघडा हौदा ही माणसांची जागा नव्हे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

इतर देशांतील मासले

हा पेच केवळ आपल्याच देशात आहे, असे नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पिकअप गाडी घरगुती उपयोगाची असली, तरी सामान्यतः व्यापारी वाहन म्हणून नोंदली जाते. हौद्यावर राहण्याजोगी बंदिस्त खोली कायमची बसविली, तर तिला प्रवासी वर्ग मिळू शकतो. ब्रिटनमध्ये एक टन वा अधिक भार नेणाऱ्या, दोन ओळी आसनांच्या पिकअपला नोकरदारांच्या प्राप्तिकरापुरते मालवाहू मानीत असत. ६ एप्रिल २०२५ पासून नव्याने घेतलेल्या अशा बहुतेक गाड्या मोटारी समजल्या जातात.

सर्वांत बोलका मासला जकातीचा आहे. अमेरिकेत आयात मोटारीवर अडीच टक्के, तर मालवाहू गाडीवर पंचवीस टक्के जकात होती. फोर्ड कंपनीने आपल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागची आसने केवळ जकातीपुरती बसवून आणली आणि बंदर सोडताच ती काढून टाकली, असा आरोप सरकारने केला. वर्षानुवर्षे वाद चालला आणि २०२४ साली कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन तो मिटविला. आसन बसविले की प्रवासी वाहन झाले, इतके हे प्रकरण सोपे नाही, हा त्यातील बोध.

आपल्याकडेही गॅरेजमध्ये आसने ठोकून वर्ग बदलण्याचा खटाटोप काही जण करतात. निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे.

व्यवहारापूर्वी

पिकअप घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने चार गोष्टी कराव्यात. नवी गाडी असेल, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विक्रीच्या व योग्यतेच्या दाखल्यावर वाहनाचा वर्ग कोणता येणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जुनी असेल, तर नोंदणीपत्र वाचावे आणि सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहावे. वर्ग बदलून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर पैसे देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात तसा बदल मिळेल काय, हे विचारावे. कराचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. परराज्यातून गाडी आणली असेल आणि ती येथे बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणार असेल, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हेही विसरू नये. शेवटी विमापत्रातील वर्ग आणि नोंदणीपत्रातील वर्ग एकच असल्याची खात्री करावी.

आणि ह्या सर्वांच्या आधी आपल्या वापराचा प्रामाणिक हिशेब मांडावा. रोज माल न्यायचा असेल, तर पिवळी पाटी घेण्यात कमीपणा कसला? ती कष्टाची पाटी आहे.

मानसरोवरातील त्या घरी नानांनी असाच हिशेब मांडला. विक्रीचा माल न्यायचे दिवस वर्षाकाठी पंधरा-वीस; बाकी सारे दिवस माणसांचे. “ह्या पंधरा दिवसांसाठी टेम्पो भाड्याने आणू,” ते म्हणाले, “पण नातवंडे ज्या गाडीत बसतील, तिच्या कागदावर त्यांची जागा लिहिलेली असली पाहिजे.” दलालाला नकार कळविण्यात आला. सहा महिने पैसा साठवून त्यांनी मोटार म्हणून नोंदलेली एक जुनी पिकअप घेतली. रविवारी ती शेतावर जाते, तेव्हा हौद्यात चाऱ्याची पेंढी असते, आणि माणसे, सारीच्या सारी, आत आसनांवर.