धूर ठेवायचा कुठे?

खापरखेड्यात धुराचं अप्रूप कुणालाच नाही. कुठल्याही गच्चीवर चढा, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या समोर उभ्या. २१० मेगावॅटचे चार संच आणि २०११ साली सुरू झालेला ५०० मेगावॅटचा पाचवा, मिळून १३४० मेगावॅट. भोवती सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी असा कोळसा खाणींचा पट्टा. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांचं काय होतं, ते इथल्या बायकांना विचारावं. अशा गावात मागच्या हिवाळ्यात अमेरिकेहून आलेल्या भाच्याने बार्बेक्यू सॉसची बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यात ‘धुराचा स्वाद’ घातलेला असतो असं सांगितलं, तेव्हा घरभर हशा पिकला. धूरही विकत?

हसून झाल्यावर सगळ्यांनी बोट बुडवून चाखलं. आधी गोड लागलं, मग आंबट, मग घशाशी थोडं तिखट, आणि शेवटी शेजारच्या घरची चूल पेटल्यासारखा वास. आईने जीभ टाळ्याला लावून निकाल दिला, ‘पंचामृत आहे हे. दाणे आणि तीळ काढलेलं.’

तिथून या लेखाची सुरुवात झाली. आईचं म्हणणं मी पाहुण्यांसमोरची फुशारकी म्हणून सोडून देणार होतो, पण ते खरंच निघालं. चिंचेचा कोळ, गूळ, मिरची, मीठ घालून दाटसर आटवलेलं पंचामृत लग्नाच्या पंगतीत चमचाभर वाढतात. त्यात टमाटर, लसूण आणि मोहरीची पूड टाकली की अमेरिकेच्या कॅन्सस सिटी शहराची सीमा दिसू लागते. (टमाटर म्हणजे पुण्याकडचा टोमॅटो. आमच्याकडे कोथिंबिरीलाही सांबार म्हणतात. पाहुण्यांनी भाजी बाजारात जपून बोलावं.)

बार्बेक्यू हा शब्द मुळात सॉसचा नव्हे, भाजण्याच्या माचाचा. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक लाकडी माचावर मांस ठेवून खालून मंद जाळ करत. त्या माचाला ‘बार्बाकोआ’ म्हणत, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लेखक ओव्हिएदोने तो शब्द लिहून ठेवला. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत जमिनीत खड्डा खणून रात्रभर डुक्कर भाजण्याची रीत रुजली. हे रात्र जागण्याचं काम बहुतांशी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी केलं आणि त्यातलं कसबही त्यांचंच. सॉस तेव्हा अगदी साधा होता. भाजताना मांस कोरडं पडू नये म्हणून त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं पाणी शिंपडत. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात आजही तोच चालतो, त्यात टमाटराचा थेंब नसतो. दक्षिण कॅरोलायनात जर्मन वस्तीमुळे मोहरीचा पिवळा सॉस आला. अलाबामात १९२५ पासून चक्क अंड्याच्या मेयोनीजचा पांढरा सॉस आहे. त्याच्याबद्दल मी मत राखून ठेवतो. टमाटर आणि उसाची मळी घातलेला, दाट, काळपट लाल, गोडसर सॉस कॅन्सस सिटीचा. जगभरच्या बाटल्यांत त्याचाच वंश भरलेला असतो, कारण बाटलीत गोड माल टिकतोही आणि खपतोही. याच कॅन्सस सिटीत एका औषधविक्रेत्याने १८९५ साली लाकडाचा धूर थंड करून त्याचं पाणी बाटलीत भरून विकायला काढलं. म्हणजे आम्ही ज्याला हसलो, त्या धंद्याला सव्वाशेच्या वर वर्षं झाली.

यातला मळी हा शब्द मराठी वाचकाला खटकेल. साखर कारखान्यातून साखर काढून उरलेला राब म्हणजे मळी, आणि आपल्याकडे ती दारूच्या भट्टीकडे जाते. अमेरिकेत तिचाच स्वच्छ केलेला प्रकार स्वयंपाकात वापरतात. आपण तिच्यामागे लागू नये. गुळाची ढेप होण्याच्या जरा आधी कढईतून काढलेली काकवी तिच्यापेक्षा सरस आहे, आणि तीही नसेल तर काळा, बिनरसायनी गूळ पुरतो. आंबटपणाबद्दल तर आपण कुणाकडे बघायचंच कारण नाही. बार्बेक्यू सॉसमध्ये हमखास पडणारा वूस्टरशर सॉस इंग्लंडमध्ये १८३७ पासून विकला जातो, आणि त्यात चिंच असते. म्हणजे आपलीच चिंच इंग्लंडला जाऊन, तिथून अमेरिकेला जाऊन, भाच्याच्या सुटकेसमधून खापरखेड्यात परत आली.

भाजण्याची विद्याही आपल्याला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात शूलावर टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला ‘भडित्रक’ म्हटलं आहे. तेव्हा मिरचीही नव्हती आणि टमाटरही. दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात आले. त्या पोर्तुगीजांनी गोव्यात जी चव सोडली, ती बार्बेक्यू सॉसच्या सर्वांत जवळची म्हणावी लागेल. रेशाद मसाला म्हणजे लाल मिरच्या, लसूण, मिरे, थोडी साखर, आणि हे सगळं माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेलं. बांगड्याच्या पोटात भरतात म्हणून आपण त्याला मसाला म्हणतो. बाटलीत भरून जाळीवरच्या कोंबडीला लावला असता तर सॉस म्हटलं असतं. रायगडकडची पोपटी, सोलापूर-नगरकडचा आगटीतला हुरडा, खानदेशातलं भरीत, सगळीकडे विस्तव आहे आणि शेजारी चटणी आहे. फक्त दोघांची सोयरीक कुणी जुळवली नाही.

असं का झालं, याचं उत्तर मला विदर्भातच सापडतं. अमेरिकेतली रीत अशी, की धूर मांसाला द्यायचा आणि सॉस वरून लावायचा. आपण धूर वाटणात ठेवला.

सावजी स्वयंपाक जवळून पाहिलेल्याला हे सांगावं लागणार नाही. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचा हा स्वयंपाक. माग थंडावले, १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि घरातली ही चव भोजनालयांच्या पाट्यांवर आली. वाटण करणारी बाई खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून सरळ विस्तवावर नेते. वाटीची कड आधी घामेजते, तेल सुटतं, मग कड पेट घेते. ती घाई करत नाही. ज्योत वाटीच्या पोटात उतरू देते, मग एक फुंकर. काळी झालेली वाटी बाजूला ठेवून कांदा सालीसकट निखाऱ्यात लोटते. साल कोळसा होते आणि आतला कांदा स्वतःच्याच पाण्यात शिजतो. त्यात दगडफूल पडतं, ज्याला मुळातच ओल्या लाकडाच्या धुरासारखा वास असतो. हे सगळं पाट्यावर एकजीव झालं, जवसाच्या तेलात परतलं, की रश्श्यावर जी तर्री येते तिच्यात धूर आधीच विरघळलेला असतो. मग मटण जाळीवर कशाला ठेवायचं? ते पातेल्यात शिजू दे.

जिथे पदार्थच विस्तवात जातो तिथेही असंच. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले गाकर फोडून तुपात बुडवतात. तुराट्यांच्या जाळावर वांगं भाजतात. तुराटी भसकन पेटते आणि लगेच बसते, त्यामुळे साल जळते आणि गर पांढरा राहतो. पऱ्हाट्यांवरही भाजता येतं, पण अलीकडे कपाशीवर इतकी फवारणी होते की मी ते टाळतो. गावाच्या नावातच खापर आहे, आणि नागपूरच्या बायका पालथ्या मडक्यावर टाकतात ती हातभर लांब रोटीसुद्धा खापराच्या भाजकेपणावरच उभी आहे. या सगळ्यांबरोबर चटणी येते ती कच्ची, किंवा नुसती परतलेली. धुरकट चटणीची गरजच पडली नाही.

तरी भाच्याने हट्ट धरला, म्हणून घरी सॉस केला. दुसऱ्या खेपेला जमला, तो सांगतो.

किलोभर पिकलेले, गावरान आंबट टमाटर आणि दोन कांदे निखाऱ्यावर साली काळ्या होईपर्यंत भाजावेत. पूर्ण साल काढू नये, काळे ठिपके थोडे राहू द्यावेत. बाटलीतल्या धुराच्या पाण्याचं काम तेच करतात. दहा पाकळ्या लसणासह वाटून चाळणीतून गाळावं. त्यात सव्वाशे ग्रॅम काळा गूळ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, पाव वाटी व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पूड, अर्धा चमचा मिरपूड, दीड चमचा मीठ आणि दोन चमचे तिखट. तिखट भिवापुरी असेल तर दीडच. आपल्याच जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा झणका उशिरा कळतो, म्हणून घालताना हात सैल सुटतो. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण तास. सॉस दाटायला लागला की तो शिजत नाही, उडतो. झाकण तिरकं ठेवावं आणि पुढे वाकून बघू नये. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही, की झाला.

पहिल्या खेपेला दोन चुका झाल्या. आमच्या सावनेर-काटोलकडे दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची संत्री येतात, तेव्हा म्हटलं यात संत्र्याचा रस हवाच. तो सुरुवातीलाच ओतला आणि तासाभरात सॉस कडू झाला. नागपुरी संत्र्याच्या बियांत आणि पडद्यांत लिमोनिन असतं. ते रसात हळूहळू जागं होतं आणि आच लागली की जोर धरतं. रस काढून विकणाऱ्या उद्योगाचीही ही जुनी डोकेदुखी आहे. म्हणून दोन संत्र्यांचा रस बिया न चिरडता हाताने पिळावा, गाळावा आणि गॅस बंद केल्यावरच घालावा. नाहीतर नुसती केशरी साल किसून टाकावी.

दुसरी चूक जाळीवर झाली. कोंबडीचे तुकडे सॉसमध्ये लडबडवून विस्तवावर ठेवले. दहा मिनिटांत बाहेरून डांबर, आतून कच्चं. साखर साधारण १६० अंशांना करपायच्या वाटेला लागते, फळातली साखर त्याहून बरीच आधी, आणि निखाऱ्यावरची जाळी दोनशेच्या सहज पुढे असते. मांस मीठ-मसाल्यावर जवळजवळ पूर्ण भाजून घ्यायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सॉसचे दोन-तीन पातळ हात द्यायचे. रंगाऱ्याला हे सांगावं लागत नाही, आम्हाला लागलं.

कोळशाबद्दल आमच्या गावात वेगळं बजावायला हवं. इथे दगडी कोळसा सहज दिसतो, आणि खाण वसाहतींत त्याच्या सिगड्या दारासमोर पेटवून धूर ओसरेपर्यंत बाहेर ठेवायची पद्धत होती. त्या सिगडीवर तवा ठेवून भाकरी करणं निराळं. उघडं मांस किंवा वांगं त्यावर कधीच भाजू नये. त्यात गंधक असतं, डांबरातले विषारी घटक असतात, आणि ते सगळं पदार्थात उतरतं. बाभळीचा लाकडी कोळसा घ्यावा, आणि त्यावर पांढरी राख धरल्याशिवाय जाळी ठेवू नये. ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी पातेल्यात सॉसवर वाटी तरंगत ठेवावी, तिच्यात लाल निखारा, त्यावर तुपाचा थेंब, आणि पाच मिनिटं घट्ट झाकण. धुंगार आपल्याला कुणी शिकवायला नको.

टिकाऊपणाची शेखी मात्र मिरवू नये. व्हिनेगर-चिंचेमुळे सॉस चांगला आंबट असतो, पण घरात आम्लता मोजायला कुणाकडे यंत्र नसतं. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर तीन आठवडे बिनघोर. चव दुसऱ्या दिवशी बसते. गुळाचा पुढे-पुढे करण्याचा स्वभाव रात्रभरात शमतो आणि चिंच, मिरची वर येतात.

भाचा परत जायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या खेपेचा सॉस घेऊन सगळे जेवायला बसले. कोंबडी गच्चीवरून गरम गरम खाली आली. आईने बरणी उघडली, चमचाभर सॉस काढला आणि ताटात डावीकडे, मिठाच्या शेजारी, लोणच्याच्या खाली वाढला. भाच्याने तो बोटाने निपटून उचलला आणि कोंबडीवर चोपडला. आईने त्याच जागी दुसरा चमचा वाढला.