राहुकाळातील छायाचित्रण

छायाचित्रकार कळ दाबतो ती क्षणार्धात. तत्पूर्वीची सिद्धता मात्र कित्येक दिवसांची असते. बंगळूरच्या कनकपुरा मार्गावरील बनशंकरीचे देऊळ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बदामीजवळची बनशंकरी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता. हे देऊळ १९१५ सालचे. अन्यत्र वर्ज्य मानलेला राहुकाळ येथे पूजेचा. लिंबाची पिळलेली फोड उलटी करून तिच्या वाटीत भाविक दिवा लावतात.

हे दिवे टिपू पाहणाऱ्या व्यावसायिकाची वेळ पंचांग ठरवते. मंगळवारी स्थूलमानाने तीन ते साडेचार. ऊन कलू लागलेले असते. शुक्रवारी साडेदहा ते बारा, आणि हीच वेळ कठीण. एप्रिलच्या उत्तरार्धात तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात, भर उन्हात ज्योत दिसेनाशी होते. म्हणून जाणता छायाचित्रकार आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी रिकाम्या हातांनी येऊन सावली कोठे पडते ते पाहून ठेवतो. व्यवस्थापनाची अनुमती, भारलेल्या बॅटऱ्या, मदतनीस ही कामे यादीने उरकतात.

यादीत न मावणारी बाब म्हणजे दिवा लावणारी बाई. ती बहुधा काही संकट घेऊन आलेली असते. आधी विचारावे तर ती अवघडते. न विचारता टिपावे तर ती चोरीच. मग आधी विचारून, चेहरा वगळून केवळ हातांचे चित्र घेण्याची तोड काढावी लागते. तेही नको म्हणाली, तर कॅमेरा पिशवीत जातो आणि पुढच्या मंगळवारची वाट पाहणे आले.