कैद्याचा अर्ज

सरकारी कचेरीत अर्ज देऊन पोचेसाठी ताटकळत उभे राहण्याचा अनुभव कोणत्या कुटुंबाला नाही? अर्जदाराला मुदत असते, कारकुनाला घाई नसते. आणि मुदत चुकली की दोष अर्जदाराचाच. मग ज्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याचीही मुभा नाही, त्याने दाद मागावी तरी कशी? अमेरिकेच्या संघराज्यीय तुरुंगांचे नियम वाचताना हा प्रश्न आमच्या मनात आला.

त्या देशात घटक राज्यांचे तुरुंग निराळे आणि संघराज्याचे निराळे. संघराज्याचे कायदे मोडणाऱ्यांसाठी असलेल्या तुरुंगांचा कारभार 1930 साली, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या कारकिर्दीत, एका स्वतंत्र खात्याकडे सोपविण्यात आला. पत्रव्यवहार, भेटीगाठी, शिस्त यांविषयीचे त्याचे नियम संघराज्याच्या नियमसंहितेच्या 28व्या विभागात छापलेले आहेत. त्यांतील बहुतेक नियम कैद्याला बांधतात, हे उघडच आहे. परंतु कैद्याच्या गाऱ्हाण्याविषयीचे प्रकरण तुरुंगाधिकाऱ्यालाही बांधते.

कैद्याने प्रथम आपले गाऱ्हाणे कर्मचाऱ्यांशी बोलून मिटवून पाहावे. ते न मिटल्यास घटनेपासून 20 दिवसांच्या आत तुरुंगाच्या प्रमुखाकडे लेखी अर्ज द्यावा. प्रमुखाने 20 दिवसांत उत्तर द्यावे. समाधान न झाल्यास 20 दिवसांत विभागीय संचालकाकडे अपील; उत्तरास मुदत 30 दिवस. त्यापुढे 30 दिवसांत मध्यवर्ती कचेरीकडे अखेरचे अपील; उत्तरास 40 दिवस. उत्तराची मुदत वाढविण्याची सोय अधिकाऱ्यांना आहे. मात्र मुदतीत उत्तर आलेच नाही, तर नकार मिळाला असे मानून कैद्याला पुढची पायरी चढता येते.

नियम करणाऱ्यांनी माणसाची अडचणही ओळखलेली दिसते. कैद्याच्या प्रकृतीस तातडीचा धोका असेल तर प्रमुखाने तिसऱ्या दिवसापर्यंत उत्तर दिले पाहिजे. तक्रार तुरुंगात कळल्याने जिवावर बेतण्याचे भय असेल, तर थेट विभागीय संचालकाकडे लिहिता येते. निरक्षर, अपंग किंवा इंग्रजी न जाणणाऱ्या कैद्याला अर्जासाठी साहाय्य मिळेल, हे पाहणे प्रमुखाचे कर्तव्य आहे.

मग उणे कोठे? 1996 साली झालेल्या एका कायद्याने, उपलब्ध असलेल्या या सर्व पायऱ्या चढल्याखेरीज तुरुंगातील वागणुकीविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावण्याची वाट बंद केली. 2006 साली कॅलिफोर्नियाच्या एका राज्य तुरुंगातील कैद्याच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मुदत टळून दिलेला अर्ज म्हणजे पायरी चढणे नव्हे. अधिकाऱ्याच्या मौनाने कैद्याला केवळ पुढची पायरी मिळते. कैद्याच्या विलंबाने मात्र न्यायालयाचे दारच बंद होऊ शकते. 2016 साली त्याच न्यायालयाने, दाद मागण्याची वाट केवळ कागदावर असेल किंवा अधिकारीच ती अडवीत असतील, तर ती उपलब्ध मानता येणार नाही, असे म्हटले. एवढा दिलासा खरा.

शिक्षा न्यायालय देते. तीत तुरुंगाने आपल्या मर्जीने भर घालू नये, यासाठीच हे नियम आहेत. म्हणूनच मुदतीचे माप दोन्ही बाजूंना सारखे असावे, असे आम्हास वाटते. कोठडीतून लिहिलेला कागद योग्य हाती पोचतो की नाही आणि त्याला वेळेवर उत्तर मिळते की नाही, यावरूनच त्या नियमांची किंमत ठरेल.