झाले असेल, झाले असणार, झाले असते

सांगलीच्या एखाद्या हळदीच्या पेढीवर सकाळी एक ई-मेल येते, असे समजू. दुबईचा खरेदीदार कळवतो की कंटेनर उघडला तेव्हा 30 पोती ओली निघाली. उत्तर लिहायला घरातला शिकलेला मुलगा बसतो. शेजारी गादीवर वडील. ते सांगतात, ‘‘लिही, आपल्याकडून माल कोरडा गेला. वाटेत जहाजावर भिजला असेल. आणि त्यांनी पंच बोलावून पाहणी करून घ्यायलाच हवी होती, तेही लिही.’’ मुलगा लिहितो, ‘द बॅग्ज मस्ट हॅव गॉट वेट ऑन द शिप. यू मस्ट हॅव कॉल्ड द सर्व्हेअर.’

व्याकरणाच्या वहीत या दोन्ही वाक्यांना कोणी लाल शाई लावणार नाही. तरीही दोन्ही वाक्ये वडिलांच्या तोंडची नव्हेत. वडील म्हणाले होते ‘भिजला असेल’. कागदावर उतरले ‘भिजलाच असणार’. वडील म्हणाले होते ‘बोलवायला हवे होते’; कागदावर उतरले ‘तुम्ही बोलावलेच असणार’. विम्याच्या दाव्यात हेच पत्र पुढे आले, तर पहिल्या वाक्याचा पुरावा मागितला जाईल. दुसऱ्या वाक्याने तर पाहणी झालीच असल्याचे पेढीने स्वतः गृहीत धरले, असा अर्थ निघेल. तक्रार करायची होती, तिच्या जागी अनुमान गेले.

मराठी माणसाची ही चूक स्वाभाविक आहे. मराठीत भूतकाळाविषयीचा तर्क क्रियापदाच्या अखेरच्या शब्दात मावतो. पोती भिजली असतील, भिजली असावीत, भिजली असती. एका अक्षराच्या फेराने शक्यता, दाट संभव आणि न घडलेली गोष्ट अशा तीन निरनिराळ्या दुनिया उभ्या राहतात, आणि हे कोणाला शिकवावे लागत नाही. इंग्रजीत हे काम मे, माइट, कुड, मस्ट, शुड या साहाय्यक क्रियापदांकडे असते. त्यांतील ‘मस्ट’ मुलाला शाळेत ‘पाहिजे’ या अर्थाने भेटलेला असतो. साहजिकच ‘पाहिजे होते’ म्हणताना तो ‘मस्ट हॅव’ लिहितो. परंतु ‘हॅव’ जोडले की ‘मस्ट’चा हुकूम संपतो आणि उरतो तो निव्वळ तर्क. भूतकाळातील कर्तव्य सांगायचे तर ‘शुड हॅव’ घ्यावे लागते आणि भूतकाळातील सक्ती सांगायची तर ‘हॅड टू’. ‘यू शुड हॅव कॉल्ड द सर्व्हेअर’ असे लिहिले असते, तर वडिलांचा शब्द जसाच्या तसा पोहोचला असता.

रचना एकच आणि सोपी आहे. आधी साहाय्यक क्रियापद, मग ‘हॅव’, मग मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. कर्ता कोणीही असो, ‘हॅव’ बदलत नाही. ‘ही मस्ट हॅज गॉन’ चूक, ‘ही मे हॅड गॉन’ही चूक. या ‘हॅव’चे कारण इतिहासात आहे. ‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चे आणि ‘माइट’ हे ‘मे’चे भूतकाळी रूप. ‘मस्ट’सुद्धा जुन्या इंग्रजीतील एका क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. पुढे ही रूपे वर्तमानातल्या अदबीसाठी आणि अंदाजासाठी वापरात आली. केवळ ‘माइट’ म्हटल्याने काळ मागचा आहे, हे ऐकणाऱ्याला कळेना. मग भूतकाळ दाखवण्याचे ओझे ‘हॅव’वर आले. खुद्द इंग्रजांची मुलेदेखील ‘कुड हॅव’चा झटपट उच्चार कानाने टिपून ‘कुड ऑफ’ असे लिहितात आणि शिक्षकांची बोलणी खातात. आपल्याकडे ही चूक क्वचितच आढळते, कारण आपण इंग्रजी कानाआधी डोळ्यांनी शिकतो.

खरी गंमत, आणि खरा धोका, ‘मे हॅव’ आणि ‘माइट हॅव’ यांच्या जोडीत आहे. काय घडले ते अजून ठाऊक नसेल, तर दोन्ही चालतात. ‘माइट’मध्ये संशयाची छटा किंचित अधिक, इतकेच. पण गोष्ट घडली नाही हे पक्के ठाऊक असेल, तर ‘मे हॅव’ चालत नाही. कंटेनरला आतून कागदी अस्तर लावले नव्हते, असे धरू. दमट हवा बंद पेटीत थंड झाली की तिच्या छताला घाम सुटतो आणि ते थेंब मालावर पडतात. हळदीच्या व्यापाऱ्याला हे सांगायला नको. आता पेढीने लिहिले, ‘अ लाइनिंग माइट हॅव सेव्ह्ड द गुड्ज’, तर अर्थ होतो, अस्तर असते तर माल कदाचित वाचला असता. त्याच जागी ‘मे हॅव सेव्ह्ड’ लिहिले, तर वाचणारा समजतो की अस्तर होते आणि त्यामुळे माल वाचलाही असेल. अलीकडे इंग्रजी वृत्तपत्रांतही ‘माइट’च्या जागी ‘मे’ सर्रास दिसते, म्हणून हा भेद मिटला असे मानणे महागात पडू शकते.

‘कुड हॅव’ दुधारी आहे. ‘द वॉटर कुड हॅव कम थ्रू द डोअर’ म्हणजे पाणी दारातून आले असेल. ‘वुई कुड हॅव यूज्ड डबल बॅग्ज’ म्हणजे मात्र दुहेरी पोती वापरणे आम्हाला शक्य होते, आम्ही ती वापरली नाहीत. पहिला अंदाज, दुसरी जवळजवळ कबुली. आपल्या पेढीचे नाव कर्त्याच्या जागी असेल, तेव्हा हा शब्द लिहिण्यापूर्वी थांबलेले बरे. ‘कॅन हॅव’ तर होकारार्थी वाक्यात या अर्थाने येतच नाही. ते नकारात आणि प्रश्नात येते. ‘द गुड्ज कान्ट हॅव गॉट वेट इन अवर गोडाउन’ म्हणजे आमच्या गोदामात माल भिजला असणे शक्यच नाही. याउलट ‘मे नॉट हॅव’ म्हणजे कदाचित भिजला नसेल. नकार दोन्हींत आहे, पण पहिल्यात पेढी ठाम उभी राहते, दुसऱ्यात ती स्वतःवरच शंका घेते.

जैन घरांना या चर्चेचा एक धागा परका वाटणार नाही. स्याद्वादातील ‘स्यात्’ हे रूप संस्कृतात ‘अस्’ धातूच्या विधिलिङाचे, म्हणजे ‘असावे’, ‘असू शकेल’ या घराण्यातले. इंग्रजीत त्याचे भाषांतर करताना अनेकांनी ‘मे बी’ हा शब्द घेतला आणि स्याद्वाद म्हणजे संशयवाद, असा गैरसमज पसरला. वस्तुतः तिथे ‘स्यात्’ क्रियापद नसून अव्यय आहे आणि त्याचा अर्थ ‘कदाचित’ नसून ‘कथंचित्’, म्हणजे अमुक अपेक्षेने, असा आहे. मल्लिषेणसूरींची ‘स्याद्वादमंजरी’ त्याला अनेकान्ताचे सूचक मानते. एका साहाय्यक क्रियापदाने एका दर्शनावर केवढा अन्याय केला, हे त्या भाषांतरांतून दिसते.

सांगलीच्या पत्राकडे परत येऊ. वडिलांना ठाऊक होते ते इतकेच: माल पेढीवरून कोरडा निघाला, भरताना त्यांनी स्वतः पाहिला. पुढचे त्यांनी पाहिले नव्हते. मुलाने आधीची दोन वाक्ये खोडली आणि नवी लिहिली. ‘द गुड्ज वेअर ड्राय व्हेन वुई लोडेड देम. दे मे हॅव गॉट वेट ऑन द शिप. यू शुड हॅव कॉल्ड द सर्व्हेअर बिफोर अनलोडिंग.’ वडिलांनी अर्थ विचारला. मुलाने मराठीत सांगितला. ‘‘मी हेच म्हटलं होतं,’’ वडील म्हणाले, आणि पत्र रवाना झाले.