रॅमची पट्टी आणि मदरबोर्डाचा विद्युद्दाब

आमच्या वऱ्हाडांतील वडील मंडळींस रुळांच्या रुंदीची अडचण नव्यानें समजावून द्यावयास नको. यवतमाळाहून आणि अचलपुराहून शकुंतला गाडीनें येणारा कापूस मूर्तिजापुरास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. कारण शकुंतलेचे रूळ ७६२ मिलिमीटर रुंदीचे, तर मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाचे १६७६ मिलिमीटरांचे. डबा चांगला, रूळहि चांगले, तरी एकाचा दुसऱ्यास उपयोग नाहीं. ती गाडी आतां बंद पडली आहे. (याच मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) रुळांतील फरक डोळ्यांस दिसतो, संगणकांत मात्र असा एक फरक आहे कीं जो डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. यंत्र फार मंद चालत असे, म्हणून त्यांनीं पुस्तकांसाठीं राखलेल्या पैशांतून ४ जीबीची एक वापरलेली रॅम-पट्टी विकत आणली होती. पट्टी खांचेंत नीट बसली. पण बटण दाबतांच पंखा फिरला आणि पडदा काळा तो काळाच राहिला. वापरलेला माल परत घेत नसत. “सर, पट्टीच खराब निघाली हो,” असें ते म्हणाले. आम्हीं दोन्ही पट्ट्यांवरील चिठ्ठ्या भिंगाखालीं धरल्या. जुन्या पट्टीवर ‘पीसी३एल’ असें होतें. नवीवर नुसतें ‘पीसी३’. एका अक्षरावर सारें अडलें होतें.

हें अक्षर काय सांगतें तें पाहूं. रॅममध्यें प्रत्येक खूण एका अतिसूक्ष्म विद्युत्-सांठ्यांत ठेवलेली असते. सांठा भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. आय.बी.एम. कंपनीच्या रॉबर्ट डेनर्ड यांस १९६८ सालीं या रचनेचें पेटंट मिळालें. परंतु हे सांठे पाझरणाऱ्या रांजणासारखे आहेत. त्यांतील भार हळूहळू निघून जातो, म्हणून साधारणपणें ६४ मिलिसेकंदांच्या आंत प्रत्येक सांठा वाचून पुन्हा भरावा लागतो. चिपेचें तपमान ८५ अंशांच्या वर गेलें कीं पाझर वाढतो आणि हेंच काम दुप्पट वेळां करावें लागतें. अकोल्याचा वैशाख ज्यांनीं सोसला आहे, त्यांस यंत्राच्या पोटांतील उष्णतेची कल्पना सहज येईल.

भरावयास दाब लागतो. जुन्या एसडीरॅमला ३.३ व्होल्ट लागत, डीडीआरला २.५, डीडीआर-२ ला १.८, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२, आणि २०२० सालीं ज्याचें प्रमाण ठरलें त्या डीडीआर-५ ला १.१. हा आंकडा सारखा उतरत गेला, याचें कारण असें कीं भरण्या-उपसण्यांत खर्च होणारी शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. दाब एक दशांशानें कमी केला तर हा खर्च जवळजवळ एक पंचमांशानें घटतो. एवढ्याचसाठीं डीडीआर-३ ची एक काटकसरी बहीण निघाली, तीच ‘एल’ची पट्टी. ती १.३५ व्होल्टांवर चालते.

आतां खरी मेख येथें आहे. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या टेबलावरच्या संगणकाच्या दोन्ही पट्ट्यांस २४० टांचण्या असतात, पण मधली खांच निराळ्या जागीं असते; म्हणून एकीच्या जागीं दुसरी बसूंच शकत नाहीं. डीडीआर-४ व डीडीआर-५ यांस २८८ टांचण्या, तेथेंहि खांच निराळी. (बसत नसेल तर जोर करूं नये, पट्टी मोडते आणि कधीं कधीं मदरबोर्डहि.) डीडीआर-३ आणि तिची ‘एल’ बहीण यांची खांच मात्र अगदीं एकाच जागीं आहे. ‘एल’ची पट्टी १.५ व्होल्टहि सोसते, म्हणून तिला जुन्या मदरबोर्डावर बसूं देण्यांत कांहीं धोका नाहीं. उलट साधी पट्टी १.३५ व्होल्टांवर काम करील अशी हमी नसते. साधारण २०१३ पासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांचे मदरबोर्ड १.३५ व्होल्टच देतात, त्यांस १.५ देतां येत नाहीं. पट्टीवर एक चिमुकली चिप असते, तिच्यांत त्या पट्टीची गति आणि दाब नोंदलेला असतो. यंत्र सुरू होतांना ती नोंद वाचतें आणि जमत नसेल तर तेथेंच थांबतें. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं नेमकें हेंच घडलें होतें.

डीडीआर-५ मध्यें दाब सांभाळणारी चिप पट्टीवरच आणून बसविली आहे. घरगुती संगणकांत मदरबोर्ड तिला ५ व्होल्ट देतो आणि पुढचें ती पाहते.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, दुकानांत जातांना जुनी पट्टी बरोबर न्यावी आणि दोन्ही चिठ्ठ्या अक्षरशः जुळवाव्या. चिठ्ठी पुसली गेली असेल तर सीपीयू-झेड नांवाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पट्टीवरील नोंद वाचून दाखवितो. आणि मदरबोर्डाला काय चालतें याचा शेवटचा शब्द त्याच्या माहितीपुस्तकाचा. ‘डीडीआर-३ आहे ना, मग चालेल’ हा दुकानांतला शब्द अर्धाच खरा असतो.

ती साधी पट्टी मेलेली नव्हती. आमच्या प्रयोगशाळेंत १.५ व्होल्ट देणारा एक जुना लॅपटॉप आहे, त्यांत ती घालतांच तो सुरू झाला. शाळेनें तिची किंमत वडिलांस दिली. त्या पैशांत त्यांनीं अकोल्याहून ‘एल’ची पट्टी आणली, या वेळीं चिठ्ठी स्वतः वाचून.