आयर्लंडची भाऊबंदकी आणि तेथील राजकीय पक्ष

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या आठ वर्षांपूर्वीं नोकरीनिमित्त डब्लिन शहरीं गेली, ती तेथेंच स्थिरावली. २०२४ सालच्या आरंभीं तिनें आयर्लंडचें नागरिकत्व पत्करलें, आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यामुळें भारतीय पारपत्र परत केलें. ही गोष्ट तिच्या वडिलांच्या जिव्हारीं लागली. पुढें कित्येक महिने बापलेकींचें बोलणें तिच्या आईच्या मार्फतच होत असे. अशांत त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरला तेथें सार्वत्रिक निवडणूक ठरली. स्थानिक निवडणुकींत परदेशी रहिवाशांनाहि तेथें मत असतें. पण कायदेमंडळासाठीं आपल्याकडून गेलेल्या मनुष्याला नागरिकत्वावांचून मत नाहीं. तेव्हां हें तिचें पहिलेंच मत. तिनें मला विचारलें, "काका, येथले दोन मोठे पक्ष बोलतात सारखेंच, मग ते दोन कां?" पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत व इतिहास शिकविलेल्या मनुष्याला "ठाऊक नाहीं" म्हणणें जड जातें. मीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलों. पुढची निवडणूक फार तर २०३० च्या आरंभापर्यंत लांबेल. ज्यांचे मुलगे-मुली त्या देशीं आहेत अशीं घरें वाचकांत थोडीं नसतील, म्हणून तें टिपण येथें देतों.

प्रथम नांवें. लोकनियुक्त सभेला तेथें 'डॉल' म्हणतात व मुख्य प्रधानाला 'टीशख', म्हणजे नायक. पक्षांचीं नांवेंहि त्यांच्या जुन्या आयरिश भाषेंतलीं. 'शिन फेन' म्हणजे 'आपण स्वतः'. 'फियाना फॉल' याचा अर्थ 'नियतीचे सैनिक' असा करितात. आणि 'फिन गेल' म्हणजे गेल लोकांचें कुल, आपल्या गोत्रासारखेंच कांहीं. (या भाषेचें संस्कृताशीं दूरचें नातें आहे, तिच्यांत राजाला 'री' म्हणतात, तो आपल्या 'राजन्' शब्दाचा भाऊच.) परंतु नांवावरून धोरण ओळखूं जाल तर फसाल. या तिन्ही पक्षांचें मूळ बव्हंशीं एकच, आणि तें म्हणजे १९०५ सालीं आर्थर ग्रिफिथ यांनीं स्थापिलेली शिन फेन.

आतां वाटणीची कथा. इंग्लंडशीं लढून ६ डिसेंबर १९२१ रोजीं आयरिश पुढाऱ्यांनीं तह केला. त्यानें स्वराज्य मिळालें, पण पूर्ण प्रजासत्ताक नव्हे. उत्तरेकडील सहा परगणे बाजूला राहिले, आणि सभासदांना इंग्लंडच्या राजाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेणें भाग पडलें. डॉलमध्यें या तहावर कडाक्याचा वाद झाला. नवल हें कीं, तुटलेल्या सहा परगण्यांपेक्षां त्या शपथेवरच अधिक बोलणें झालें. आपल्याकडेहि वाटणीच्या वेळीं शेतापेक्षां देवघरांतील टांकांवरून भाऊ अधिक भांडतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. ७ जानेवारी १९२२ रोजीं ६४ विरुद्ध ५७ मतांनीं तह मान्य झाला, आणि सात मतांच्या त्या अंतरावरून घर फुटलें. जून १९२२ पासून मे १९२३ पर्यंत यादवी चालली. कालपर्यंत एका तुरुंगांत एका ताटांत जेवलेले लोक एकमेकांवर बंदुका रोखूं लागले. तह करून आलेले मायकेल कॉलिन्स वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं आपल्याच परगण्यांत मारले गेले. आणि तहवादी सरकारनें विरुद्ध बाजूच्या सत्तरांहून अधिक कैद्यांना गोळ्या घालून देहान्त दिला.

तहविरोधकांचे नेते डी व्हॅलेरा हे पूर्वाश्रमीं गणिताचे शिक्षक, म्हणजे आमच्याच व्यवसायांतले. त्यांनीं १९२६ सालीं फियाना फॉल पक्ष काढला. ज्या शपथेपायीं रक्त सांडलें, तिच्या वहींत १९२७ मध्यें त्यांनीं सही केली व हा केवळ रिकामा उपचार आहे असें सांगून सभेंत प्रवेश केला! हीच सही पांच वर्षें आधीं झाली असती तर किती माणसें वांचलीं असतीं, हा प्रश्न मला शिक्षक म्हणून त्यांना विचारावासा वाटतो. पण दुसऱ्या बाजूचा मोठेपणाहि सांगितला पाहिजे. १९३२ सालीं डी व्हॅलेरा निवडून आले, तेव्हां प्रधान कॉसग्रेव्ह यांनीं यादवींतल्या शत्रूच्या हातीं राज्य मुकाट्यानें सोंपविलें. सेना हातीं असतां असें करणारे फार थोडे. पुढच्याच वर्षीं शपथ रद्द झाली, आणि त्याच १९३३ सालीं कॉसग्रेव्ह यांचा पक्ष इतर दोन गटांशीं मिळून फिन गेल या नांवानें उभा राहिला.

तेव्हांपासून तेथील प्रत्येक मुख्य प्रधान या दोहोंपैकीं एका पक्षाचा झाला आहे. शपथ गेली, १९४९ पासून देश प्रजासत्ताक झाला, तरी मत घराण्यानें चालत राहिलें. आजोबा ज्या बाजूनें लढले त्या बाजूला नातू मत देई. फियाना फॉलकडे आरंभीं लहान शेतकरी अधिक, फिन गेलकडे मोठे शेतकरी, व्यापारी व वकील-वैद्य अधिक. आज दोघेहि मध्यममार्गी, व्यापारउदीमाला अनुकूल. आपल्या मालवण तालुक्यांतील वराड गांवचे मूळ असलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर हे दोन वेळां मुख्य प्रधान झाले, ते फिन गेलचे. २०२० सालीं कोणालाच बहुमत मिळेना, तेव्हां हे दोन्ही पक्ष हरित पक्षाला बरोबर घेऊन शेवटीं एका मंत्रिमंडळांत बसले. यादवीला तेव्हां अठ्ठ्याण्णव वर्षें होत होतीं!

एकत्र येण्याचें कारण शिन फेन. जुन्या घरांत मागें राहिलेल्यांचा हा पक्ष सशस्त्र चळवळीशीं असलेल्या संबंधामुळें दीर्घकाळ वाळीत पडला होता. १९८६ पर्यंत तो डॉलमध्यें बसण्याचेंच नाकारीत असे. पण घरांचीं भाडीं व किंमती इतक्या चढल्या कीं तिशीचे मुलगे आईबापांच्या घरींच राहूं लागले, आणि ही तरुण पिढी त्या पक्षाकडे वळली. २०२० मध्यें पहिल्या पसंतीचीं मतें सर्वांत अधिक त्यालाच मिळालीं. मात्र उमेदवार ४२ च उभे केल्यामुळें जागा ३७ वर थांबल्या. मजूर पक्ष १९१२ चा, वयानें या जोडीहून वडील, पण कायमचा धाकट्या भावाच्या जागीं. मोठ्यांशीं संसार केला कीं मार धाकट्याला बसतो: मजूर पक्ष २०११ मधील ३७ जागांवरून २०१६ मध्यें ७ वर आला, आणि हरित पक्ष २०२० मधील १२ वरून २०२४ मध्यें एकावर. सोशल डेमोक्रॅट्स हा २०१५ चा नवा पक्ष मजुरांचीच जागा मागतो. अपक्षांचें पीक मात्र तेथें फार. केरी परगण्यांतील हीली-रे घराण्यांतील पित्यानंतर दोन पुत्र सभासद झाले, तें मुख्यतः गांवच्या रस्त्यांची व कामांची काळजी वाहून.

मत देण्याची रीत आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारखी, पण ती तेथें सर्वसामान्य मतदाराच्या हातीं दिली आहे. एका मतदारसंघांतून तीन ते पांच सभासद निवडावयाचे. मतदारानें नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे मांडावयाचे. चार जागा असतील तर एकूण वैध मतांच्या पंचमांशाहून एक मत अधिक, हा कोटा. कोट्यावरचीं मतें दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. सर्वांत मागें राहिलेल्याचें नांव गळतें व त्याचींहि मतें वाटलीं जातात. त्यामुळें शेजारच्या पक्षाशीं फार कडू बोलून चालत नाहीं, त्याच्या मतदाराची दुसरी पसंती हवी असते. उलट वैर पेटतें तें एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांत. मोजणी हातानें होते व कधीं कधीं कित्येक दिवस चालते. पांच कोटी युरोंहून अधिक खर्चून आणलेलीं मतदानयंत्रें शेवटीं २०१२ मध्यें मोडींत काढलीं गेलीं. ही पद्धत काढावी म्हणून १९५९ व १९६८ सालीं फियाना फॉलनें लोकांना विचारलें. लोकांनीं दोन्ही वेळां नाहीं म्हटलें.

हें सारें मीं पुतणीला लिहून पाठविलें. तिनें सगळ्या उमेदवारांपुढें आंकडे मांडले, आणि पहिली पसंती कोणाला दिली तें मीं विचारलें नाहीं. एकूण १७४ जागांपैकीं फियाना फॉलला ४८, शिन फेनला ३९ व फिन गेलला ३८ मिळाल्या. जुन्या भावांची बेरीज बहुमताला दोन जागांनीं उणी पडली, आणि २०२५ च्या जानेवारींत कांहीं अपक्षांच्या टेकूवर मायकल मार्टिन यांचें मंत्रिमंडळ उभें राहिलें.

मोजणी चालू होती त्या रविवारीं सकाळीं माझे बंधु माझ्याकडे आले. चहा संपेपर्यंत कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "दादा, तिच्या मतदारसंघांतली शेवटची जागा लागली का?" मीं म्हटलें, "मला काय ठाऊक? तिलाच विचार." ते ओसरीवर गेले व तिला फोन लावून पाऊण तास बोलत उभे राहिले.