कौतुक पाहुण्याचं, काम घरच्याला

परदेशात नोकरी करून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेले प्रश्न विचारले जातात. पगार किती होता, थंडी किती होती आणि खाण्याचे हाल झाले का? साहेब कसे होते, हेही कुणी कुणी विचारतं. पण साहेब रागवायचे का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. साहेबांनी कौतुक कसं केलं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दक्षिण कोरियातल्या एका सरकारी शाळेत मी तीन वर्षं इंग्रजी शिकवलं. मुख्याध्यापकांचा राग समजायला मला वेळ लागला नाही. राग कुठल्याही भाषेत कळतो. त्यांचं कौतुक कळायला मात्र दोन वर्षं गेली.

आधी मी तिथे पोचले कशी, ते सांगते. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा पूर्वी सातच देशांच्या नागरिकांना मिळत असे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यात भारतीय शिक्षकांसाठी एक दार किलकिलं झालं. पदवी आणि बी. एड. असेल, तर शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येऊ लागलं. सांगलीच्या शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकवलेली मी, २०१२ च्या फेब्रुवारीत बुसानपासून बसनं दोन तासांवरच्या एका लहानशा गावी उतरले. परदेशी शिक्षक म्हणजे गोरा, उंच, सोनेरी केसांचा, अशी त्या गावाची समजूत होती. माझ्याकडे बघून मुलांचे चेहरे जरा विचारात पडले, आणि मुख्याध्यापकांचाही. करार एक वर्षाचा. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे शाळेच्या हातात. त्यामुळे वरिष्ठांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मी सोनाराच्या काट्यावर तोलत होते.

आणि पहिल्या तीन महिन्यांत शब्दांचा नुसता पाऊस पडला! 'अन्न्योंग हासेयो' एवढा नमस्कार केला, की 'कोरियन काय सुंदर बोलता!' तिथल्या काड्या लाकडाच्या नसतात, धातूच्या आणि चपट्या असतात. त्यांनी मी भात उचलला, की उपमुख्याध्यापक टाळी वाजवायचे बाकी राहत. किमची खाल्ली, कौतुक. डोळे मोठे आहेत, कौतुक. 'तुमचा चेहरा लहान आहे' असं एका बाईंनी सांगितलं तेव्हा मी आरशात जाऊन पाहिलं. तिथे लहान चेहरा हे सौंदर्याचं लक्षण मानतात, हे नंतर कळलं. (त्याच बाई दुसऱ्या दिवशी 'आज चेहरा सुजलाय, झोप नाही झाली का?' असंही तितक्याच मोकळेपणी विचारत.) या सगळ्यात माझ्या शिकवण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी वर्गात काय करते, हे बघायलाही कुणी आलं नाही. हातानं जेवणाऱ्या पाहुण्याला बघून आपण हरखतो ना, तसंच हे. तो पाहुणा बँकेत काम कसं करतो, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं.

शिकवण्याच्या जवळपास जाणारं पहिलं कौतुक झालं ते शिक्षकांच्या सभेत, आणि ते झालं नसतं तर बरं, असं मला आजही वाटतं. परदेशी शिक्षकाबरोबर वर्गात एक कोरियन शिक्षक असतो. माझी सहशिक्षिका सव्वीस वर्षांची होती, नोकरीचं तिसरं वर्ष. माझं बँकेचं खातं, परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, घरातला बंद पडलेला बॉयलर, सगळं तिनं स्वतःचे तास सांभाळून केलेलं. सभा अर्थातच कोरियन भाषेत, आणि ती माझ्या शेजारी बसून कानात इंग्रजीत सांगत असे. मुख्याध्यापक म्हणाले, परदेशी शिक्षिका रोज सर्वांच्या आधी येतात. तिनं ते मला सांगितलं. त्यानंतर ते आणखी बराच वेळ बोलले आणि ती गप्प राहिली. समोरच्या रांगेतल्या माना खाली गेल्या होत्या. पुढचं वाक्य मला आठवड्यानं विज्ञानाच्या ज्येष्ठ शिक्षकांकडून कळलं. 'आपल्या तरुण इंग्रजी शिक्षकांनी त्यांच्याकडून शिकावं.' तरुण इंग्रजी शिक्षक शाळेत एकच होती, आणि तिला ते वाक्य माझ्यासाठी भाषांतरित करायचं होतं.

आपल्याकडेही ही रीत आहेच. शेजारच्या मुलाचे मार्क घरच्या मुलाच्या ताटात वाढायचे. शेजारच्या मुलाला त्यात काय मिळतं? घरच्या मुलाचा अबोला. मला आठ दिवस तो मिळाला. बाहेरच्याचं कौतुक करण्यात साहेबांना काही खर्च नसतो. तो बढतीच्या रांगेत नाही, पाच वर्षांनी बदलून दुसऱ्या शाळेत जाणार नाही. म्हणून तो काठीसारखा वापरायला सोयीचा.

तिथे 'खुला वर्ग' नावाचा एक प्रकार असतो. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पालक, कधी दुसऱ्या शाळांचे शिक्षकही मागे खुर्च्या टाकून बसतात, हातात छापील कागद आणि पेन. तास संपल्यावर सगळे टेबलाभोवती बसून त्यावर बोलतात. आम्ही दोघींनी त्या पंचेचाळीस मिनिटांसाठी महिनाभर तयारी केली होती. बाजारातल्या घासाघिशीचा पाठ, भाजीच्या टोपल्या, खोट्या नोटा. मुलं कधी नव्हे ती बोलली. नंतरच्या बैठकीत मी एक कोरियन वाक्य पाठ करून गेले होते : या पाठाची कल्पना आणि रचना माझ्या सहशिक्षिकेची आहे. ते खरंही होतं. मुख्याध्यापकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, 'सुगोहाशॉस्सुम्निदा.' कागद आवरून उठले. बस्स.

'सुगो' म्हणजे कष्ट, तसदी. तुम्ही कष्ट घेतलेत, एवढाच त्या लांबलचक शब्दाचा अर्थ. पाठ चांगला झाला की वाईट, याबद्दल त्यात काहीही नाही. संध्याकाळी घरी निघताना हाच शब्द, परीक्षा संपली की हाच, बर्फ झाडणाऱ्या शिपायालाही हाच. त्याची सख्खी बहीण 'कोसेंग'; ती 'कडू' आणि 'जगणं' या दोन चिनी अक्षरांपासून बनलेली आहे. महिनाभर जागून केलेल्या कामावर साहेबांनी 'कडू जगलात' म्हणावं, याचा मला त्या दिवशी रागच आला होता. सहशिक्षिका मात्र जिन्यात मला म्हणाली, 'ऐकलंत ना? दोघींकडे बघून म्हणाले.' तिचे डोळे भरले होते. त्या शब्दात तिला जे ऐकू आलं, ते मला आलं नव्हतं.

मग मी लक्ष देऊ लागले. हे शब्द उतारावरून खाली वाहतात. धाकट्यानं थोरल्याला 'सुगो' म्हणणं उद्धटपणाचं समजतात, कारण दुसऱ्याच्या कष्टांची नोंद घेणं हा थोरल्याचा अधिकार. 'छान केलंस' हे तर लहान मुलांसाठी. पोरांच्या वह्यांवर 'चाम जाल्‌हॅस्सॉयो', म्हणजे 'फारच छान केलंत', असा गोल शिक्का मारतात. दहा स्टिकर जमले की बक्षीस. मोठ्या माणसाच्या कामाला तोंडावर 'छान' म्हटलं, तर त्याला पुन्हा वहीच्या इयत्तेत बसवल्यासारखं होतं. आणि कुणी म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं, 'आजिक मॉरॉस्सॉयो', अजून पल्ला लांब आहे. कोरियन लोकांना स्वतःचं हे हातराखेपण ठाऊक नाही असं नाही. केन ब्लँचर्ड यांचं 'व्हेल डन!' हे २००२ चं अमेरिकन पुस्तक तिथे 'कौतुकानं देवमासासुद्धा नाचतो' अशा अर्थाच्या नावानं निघालं आणि ते नाव म्हणीसारखं लोकांच्या तोंडी बसलं. आमच्या शिक्षककक्षातही ते वाक्य भिंतीवर होतं. त्याच्या खाली बसून सगळे मुकाट्यानं कागदी कपातली कॉफी पीत.

खरं तर सांगलीच्या घरात वाढलेल्या मुलीला हे अवघड जाऊ नये. माझे वडील आईच्या पुरणपोळीला तीस वर्षं 'बरी झालीय' म्हणत आले. 'वाईट नाही' ही आमच्या घरातली सर्वोच्च पदवी. तोंडावर स्तुती केली तर दृष्ट लागते, डोक्यात हवा जाते, हे बाळकडूच. पण पाहुणे आले की हेच वडील त्यांच्या पोराच्या बेसूर गाण्यालाही 'वा, वा' करत. घरच्याची परीक्षा आणि पाहुण्याचं कौतुक, हा हिशेब मला घरात पाठ होता. तो कोरियात लागू आहे, हे दुसऱ्या वर्षापर्यंत ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस थांबला. काड्यांकडे कुणी बघेना, माझ्या कोरियन भाषेला कुणी सुंदर म्हणेना. उलट उपमुख्याध्यापक क्रियापदांचे शेवट सुधारून देऊ लागले. कामं येऊ लागली. सुट्टीतलं इंग्रजी शिबिर, वक्तृत्वस्पर्धेची मुलं, मुख्याध्यापकांच्या परदेशी पत्रांचा मसुदा. मला वाटलं, आता आपल्यावर मर्जी राहिली नाही, करार काही वाढत नाही. डिसेंबरात उपमुख्याध्यापकांनी एक कागद टेबलावरून सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. पुढच्या वर्षाचा करार होता तो. वर तोंडानं काय म्हणाले? तर शिबिराची यादी उद्या द्या.

तिकडे छुसॉकला, म्हणजे शरदातल्या त्यांच्या मोठ्या सणाला, भेटवस्तू देतात. १९५० ते ५३ च्या युद्धात अमेरिकी सैन्याबरोबर आलेलं डबाबंद डुकराचं मांस, 'स्पॅम', हे आजही तिथलं मानाचं देणं आहे. रेशमी अस्तराच्या खोक्यात डबे मांडलेले असतात. पहिल्या वर्षी इतर सर्वांबरोबर मलाही मुख्याध्यापकांकडून ते खोकं मिळालं आणि मी, शाकाहारी बाई, ते घरमालकिणीला देऊन मोकळी झाले. दुसऱ्या वर्षी माझ्या टेबलावर नासपतींचं खोकं होतं. तिकडच्या नासपती सफरचंदासारख्या गोल आणि दोन हातांत धरण्याएवढ्या मोठ्या असतात. चिठ्ठी नव्हती. बाकीच्यांच्या टेबलांवर तेच डबे होते. तेवढ्या सगळ्या गडबडीत त्या माणसानं माझं ताट कधी पाहून ठेवलं होतं, कोण जाणे.

त्याच सुमारास दुसऱ्या शाळेचे कुणी पाहुणे आले असताना मुख्याध्यापकांनी माझी ओळख 'उरी सनसेंगनिम' अशी करून दिली. 'उरी' म्हणजे आमचा, आमची. कोरियन माणूस एकुलता एक असला तरी 'माझी आई' म्हणत नाही, 'आमची आई' म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्या माझ्या परदेशी मैत्रिणींना याचं मोठं नवल वाटे. मराठी माणसाला कशाला वाटेल? 'आमच्या बाई' म्हणण्यात काय असतं, ते आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून जाणतो. पहिल्या वर्षी मी 'परदेशी शिक्षिका' होते.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला वरून पत्र आलं, जागाच रद्द झाली होती. परदेशी शिक्षकांच्या जागा त्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी कमी होत होत्या. सोलच्या माध्यमिक शाळांत त्याची सुरुवात आधीच झाली होती. माझं काम कसं होतं, याचा त्या पत्राशी संबंध नव्हता. निरोपाच्या जेवणात मात्र मुख्याध्यापक उभे राहिले आणि दहा मिनिटं बोलले. मी किती उत्तम शिक्षिका, मुलांची किती लाडकी, भारत किती महान! काचेचं मानचिन्ह दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहशिक्षिका शेजारी बसून भाषांतर करत होती, या वेळी एकही वाक्य न गाळता. मला प्रत्येक वाक्याबरोबर आपण पुन्हा पाहुणी होत चाललोय, असं वाटत होतं. त्यापेक्षा 'शिबिराची यादी उद्या द्या' बरं होतं.

आता सांगलीला माझ्याकडे अधूनमधून रांजणगावच्या कारखान्यांत कोरियन साहेबांच्या हाताखाली लागलेले जुने विद्यार्थी येतात. साहेब कधी चांगलं म्हणतच नाही, ही त्यांची तक्रार. मी त्यांना विचारते, काम वाढवून देतो का? जेवलास का, असं विचारतो का? ते बुचकळ्यात पडून हो म्हणतात.

तिथे शिक्षक बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. आमच्या मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा समारंभ झाला तेव्हा सहशिक्षिका दुसऱ्या शाळेतून खास गेली होती. तिनं मला कळवलं, की भाषणं संपल्यावर त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, 'आमच्या इंडियाच्या बाई आता तरी पोटभर जेवतात ना?'